मुरूम, खडक, पाणी

दुपारी अडीचला तो जिना चढून आला तेव्हा
भुवयांवर, पापण्यांवर, कानांच्या पाळ्यांवर
खडकाचं पीठ.
मला वाटलं, कुणी चक्कीवाला.
डावा गाल तळहातात धरलेला,
आणि बोलला ते इतक्या मोठ्यानं
की बाकावरची पोरगी आईला चिकटली.
कॉम्प्रेसरजवळ राहून यांचे कान जातात,
हे मला नंतर कळलं.

'पल्लु वलि,' तो म्हणाला. 'पल्लु वलि.'

सोजरबाईनं ट्रे तसाच धरून मला सांगितलं,
'मॅडम, कुणाचा तरी पल्लू वला झालाय म्हनायलाय.'

चाकूरमध्ये तमिळ कुणाला येतं?
बोअरच्या गाड्या येतात तिरुचेंगोडहून,
रात्रभर घरघरतात,
पोरं गाडीच्या सावलीत भात शिजवतात
आणि पुढच्या शिवाराला जातात.
त्यांना कुणी नाव विचारत नाही.
विचारतात, किती फुटाला लागलं.

खिशातून निघाली मेडिकलवाल्यानं दिलेली
पोटदुखीच्या गोळ्यांची पट्टी, चार संपलेल्या,
आणि पुडीत दहा रुपयांची लवंग.
ती लवंग मागताना, बिडवे किराणावाले नंतर सांगत होते,
एकेक बरणी उघडून दाखवावी लागली,
शहाजिरं, दगडफूल, चक्रीफूल...
सातव्या बरणीला गडी नाचलाच.
मग बिडव्यांनी रस्त्यापलीकडे बोट केलं.
माझ्या पाटीवर तीन ओळी अक्षरं आहेत, डिग्रीसकट.
त्याला एकही लागत नव्हतं.
पण पेंटरनं कोपऱ्यात एक दाढ काढलीय,
हातपाय असलेली, दात काढून हसणारी.
दाढेलाही दात असतात हे त्या पेंटरलाच ठाऊक.
तिच्या भरवशावर आला.

हिंदीत विचारलं. इंग्रजीत विचारलं.
मग स्वतःचीच दाढ दाखवून आई गं केलं.
तो बघत राहिला,
मलाच दुखायलंय असं समजून
लवंगेची पुडी पुढं केली.

रजिस्टरात सोजरबाईनं नाव लिहिलं होतं, कादरवली.
मी खोडून कदिरवेल केलं, आणि तेव्हा सुचलं,
याला मराठी येत नाही असं नाही,
जमिनीखालची तेवढी येते.
'कदिरवेल, मुरूम का खडक?'

तो थबकला. जीभ फिरवून पाहिली.
'मुरूम,' म्हणाला. 'वर मुरूम.'
'खाली?'
'खाली पाणी.'
'किती फूट?'
हसला. कळ आली म्हणून अर्धंच.

सातशे फूट काळा पत्थर फोडणारा हा,
माझ्या हातातल्या तांदळाएवढ्या टोकाला घाबरला.
घाबरला, पण मला शिकवलंही:
पंजा उभा, म्हणजे थांब.
मूठ गोल फिरवली, म्हणजे चालू दे.
गाडीवर कुणाचंच कुणाला ऐकू येत नाही,
सगळा कारभार असा हातांनी.
तेरा वर्षांच्या प्रॅक्टिसमध्ये
इतकं नीट मला कुणी सांगितलं नव्हतं.
पंजा. थांबले. मूठ. लागले.
पंजा, पंजा, पंजा. बरं बाबा.
मूठ.

मग आतला दाब सुटला, गालफड सैल पडलं.
'पाणी लागलं,' मी म्हटलं.
बधिर ओठांनी त्यानं विचारलं,
अगदी बांधावरच्या माणसासारखं,
'किती इंची?'

पैसे देऊन जिन्यात बसला, फोन लावला.
तिकडे बाईमाणूस असावं.
मला त्यातलं एकच कळलं, वलि.
सोजरबाईनं कापूस गुंडाळता गुंडाळता
दाराकडे कान केला.
'आता खरंच झाला असंल,' म्हणाली.
मी काही तिला दुरुस्त केलं नाही.

रात्री उगवतीकडून घरघर यायला लागली.
सव्वाअकराला एकाएकी बंद पडली.
पाणी लागलं का दाढ ठणकली,
गच्चीवरून कळायला मार्ग नव्हता.